शिवाशिवीतला खांब

नशिराबाद,
२३ ऑक्टोबर १९८९

ती. गिरधरभाऊस,
सुनंदाचा नमस्कार. खुशालीचं शेवटी लिहीन. आधी पोटातलं लिहिते, नाहीतर माझं पान संपतं आणि मुद्दा तसाच राहतो, असं तूच म्हणतोस.

आम्ही परवा मुंबईहून आलो. हितूला दोन वर्षं होऊन गेली तरी तो बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, कोणाच्या तोंडाकडे बघत नाही, म्हणून जळगावच्या डॉक्टरांनी आम्हाला तिकडे धाडलं होतं, ते तुला ठाऊकच आहे. त्याच्या रक्ताचा रिपोर्ट आला. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्क, पारशी, मराठी मोडकं पण कळेलसं. त्या म्हणाल्या, मुलींत दोन एक्स असतात, मुलांत एक एक्स आणि एक वाय. हितूत दोन एक्स आणि एक वाय आहे. एक एक्स जास्तीचा आलाय. मी विचारलं, मग हा आहे तरी काय? त्या म्हणाल्या, "मुलगा आहे. पूर्ण मुलगा आहे." आजार नाही, म्हणून औषधही नाही. अशी मुलं पुष्कळदा उशिरा बोलतात, माणसांत मिसळायला वेळ लावतात, दबून राहतात. त्याच्याशी बोलत राहा, आणि ज्याच्यापाशी तो खुलतो त्याच्यापाशी त्याला राहू द्या.

झालं. एवढं ऐकायला आम्ही मुंबई गाठली. बोलत राहा हे काय औषध झालं? दोन वर्षं मी काय मुकी बसले होते?

स्टेशनवरच ह्यांनी मला बजावलं, घरी एक्सबिक्स काढायचं नाही, अशक्तपणा आहे म्हणून सांगायचं. तसंच सांगितलं. सासूबाई एरंडोलकडच्या, त्यांचं आपलं ठरलेलं, "त्याले बठ्ठं समजस वो, बोली नही राहिना इतलंच." खोटं कशाला बोलू, त्याला सगळं समजतं एवढं ऐकूनही घटकाभर बरं वाटलं.

आता जिवाला लागलेलं सांगते. यंदा आपल्या थोरलीने, उजूने, मातीची गुलाबाई बसवली होती. महिनाभर दिवेलागणीला गल्लीतल्या पोरी गाणी म्हणायला यायच्या. हितू एरवी चार माणसं दिसली की भिंतीकडे तोंड करून बसतो. पण पोरी गायला लागल्या की उठून उजूच्या मांडीवर जायचा, टिपऱ्यांबरोबर टाळ्या पिटायचा. शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा असतो ना, तेव्हा उजू तो झाकलेला डबा त्याच्या कानाशी वाजवायची आणि थांबायची. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय झाकण उघडायची नाही. पोरी कावायच्या, पण आठ वर्षांची ही पोर हटायची नाही. आणि तो बघायचा, भाऊ. पोटच्या आईकडे बघत नाही, तिच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "उघ." दोनच शब्द आहेत त्याचे, एक "उजू" आणि एक "उघ".

मला केवढा आनंद झाला होता. तेवढ्यात चुलतसासू भिकुबाई म्हणाल्या, हा तर पोरींतली पोर दिसतो. सगळ्या हसल्या, मीही हसले. मुंबईहून आल्यापासून ते हसणं माझ्या घशात अडकलंय. जास्तीचा एक्स म्हणजे मुलीचाच ना? मोठा झाला की लोक त्याला काय म्हणतील तो शब्द मी लिहीत नाही. लोकांनी म्हणायच्या आत काही करायचं असेल तर ते आत्ताच. तू शाळेत हेच शिकवतोस. तू सांगशील तसं करीन.

बाकी खुशाल. वहिनींना नमस्कार.
तुझी सुनंदा

*

धुळे,
५ नोव्हेंबर १९८९

चि. सौ. सुनंदास,
आशीर्वाद. तुझं पत्र ऐन दिवाळीत आलं. तुझ्या वहिनीला मी फक्त अशक्तपणाचंच सांगितलं आहे, काळजी करू नकोस.

आधी रडणं थांबव. नववीच्या फळ्यावर मी दरवर्षी दोन चौकटी काढतो. एक्स-एक्स म्हणजे मुलगी, एक्स-वाय म्हणजे मुलगा. त्यावरून जे दिसतं ते सरळ आहे. वाय आहे म्हणजे हितेंद्र मुलगा आहेच, त्यात बाईंचं काही चुकलं नाही. पण मुलीचा अंशही एक जास्त आलेला आहे. आता ज्याला खतपाणी मिळेल तो वाढेल, हे आपल्यासारख्या केळीवाल्यांच्या घरात वेगळं सांगायला नको. केळ कलली तर आपण काय करतो? कलत्या बाजूला बांबूचा टेकू देतो. घड पडल्यावर टेकू देऊन उपयोग नसतो.

तेव्हा नीट ऐक. जावळ लवकर काढून टाक. उजू त्याला रिबिनी बांधते ते बंद. गुलाबाई, बाहुल्या, पोरींची गाणी, मांडीवर बसणं, सगळं बंद. गल्लीतल्या पोरांत सोड. पडू दे, लागू दे, चार रट्टे खाऊ दे. पोरांत राहिला की बोलेल, नाही बोलला तर मला विचार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ज्याच्यापाशी खुलतो त्याच्यापाशी राहू द्या. त्या मुंबईच्या, त्यांना गुलाबाई काय माहीत?

लीलाधररावांना नमस्कार. ते केळीच्या गाडीबरोबर दिल्लीला गेले असतील तर आल्यावर सांग.
गिरधर

*

नशिराबाद,
२० जानेवारी १९९०

ती. भाऊस,
तिळगूळ पाठवलाय, पोचला का कळव. गोड बोल असं तुला सांगायला नको, तू बोलतोस तेवढं पुरे आहे.

तू सांगितलंस ते बहुतेक झालं. पौषात जावळ नको म्हणून सासूबाई अडून बसतील, म्हणून मार्गशीर्षातच पद्मालयाच्या गणपतीला जाऊन आलो. न्हाव्यापुढे हितू उजूच्या मांडीशिवाय बसेना. ह्यांनी दाबून धरला. रडला नाही, नुसता ताठ झाला. उजूच्या बाहुल्या आणि टिपऱ्या मी माळ्यावर टाकल्या. तिने विचारलं का, तर म्हटलं, हितू आता मोठा झाला.

शेजारच्या तोतारामभाऊंच्या अंगणात पोरांचा घोळका असतो. रोज सकाळी त्याला तिथे नेऊन उभा करते. पोरं आधी त्याला नाव विचारायची, चेंडू द्यायची. हा चेंडू घ्यायचा आणि धरून ठेवायचा. पोरं चेंडू काढून घेऊन निघून जायची. मग हा भिंतीकडे तोंड करून उभा. मी दाराआडून बघते आणि घरात येऊन भाकरी थापते. दुसरं काय करू?

पण उजू काही ऐकत नाही. परवा मी पीठ चाळत होते, तर वर धाब्यावरून आवाज आला, "उघ." शिडी चढून गेले. मिरच्या वाळत घातल्या होत्या त्यांच्या पलीकडे दोघं उकिडवी बसलेली, मधे डबा, डब्यात शेंगदाणे. तो तिच्या तोंडाकडे बघून हसत होता. हसतो तेव्हा त्याची मान जरा वाकडी होते, ते मी कितीतरी दिवसांनी पाहिलं. आणि भाऊ, मी उजूच्या पाठीत धपाटा घातला. तुझी चौकट आठवली आणि हात उठला. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, मी त्याला काय केलं?"

तूच सांग काय सांगायचं ते. घरात बहीण आहे, तिला काय दावं लावून बांधू?
सुनंदा

*

धुळे,
२ एप्रिल १९९०

चि. सौ. सुनंदास,
आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला, परीक्षांचे पेपर होते.

तुझ्या प्रश्नावर मी आणि तुझी वहिनी बोललो. तिला कारण सांगितलं नाही, पण ती आनंदाने तयार आहे. आम्हाला मूलबाळ नाही, घर रिकामं. जूनपासून उजूला इकडे पाठव. माझ्याच शाळेच्या आवारात मुलींची प्राथमिक शाळा आहे. पोरगी हुशार आहे, गावात राहून तिचं नुकसानच होईल. लोकांना हेच कारण सांग, आणि ते खोटंही नाही.

वर्षभराचा प्रश्न आहे. तेवढ्यात हितेंद्र पोरांत रुळेल. मग दिवाळी-मेच्या सुट्टीला येत जाईल ती. मन घट्ट कर. तुझंच लेकरू तुझ्याच भावाकडे येतंय.
गिरधर

*

नशिराबाद,
१८ जून १९९०

ती. भाऊस,
उजू पोचल्याचं कार्ड मिळालं. तिला रात्री पायाशी पांघरूण लागतं, वहिनींना सांग. वांग्याचं भरीत खाते, पण बिया काढत बसते, ओरडू नका.

तू तिला घेऊन गेलास तेव्हा हायवेवर एसटीला गर्दी होती, तुला काही दिसलं नसेल. उजूने खिडकीतून तो डबा हितूच्या हातात दिला. म्हणाली, मी आले की तू वाजव, मी ओळखीन. गाडी हलली. मला वाटलं आता हा गडाबडा लोळेल. मी त्याला कवटाळून धरायच्या तयारीत होते. तो नुसता उभा. गाडी नाहीशी झाली तरी तिकडे बघत नव्हता, डब्याच्या झाकणाकडे बघत होता. सासूबाईंना केवढं कौतुक. "देख, कसा घट्ट शे मन्हा नातू, रडना बी नही." गल्लीतही सगळ्यांना सांगून झालं.

मलाही बरं वाटलं. म्हटलं, भाऊ म्हणतो तसं होतंय, लळा सुटतोय. रडला असता तर मी तिला तशीच उतरवून घेतली असती, हेही खरं.
सुनंदा

*

धुळे,
१४ जुलै १९९०

चि. सौ. सुनंदास,
आशीर्वाद. उजू मजेत आहे. शाळेत दुसऱ्या आठवड्यातच बाईंची लाडकी झाली. तुझी वहिनी तिच्या दोन वेण्या घालण्यात निम्मी सकाळ घालवते, माझा डबा उशिरा होतो, पण माझी तक्रार नाही.

एक गंमत लिहितो. ही पोर कोणाशीही बोलायची झाली की आधी त्याच्या तोंडासमोर येऊन उभी राहते. मी खुर्चीत वर्तमानपत्र वाचत असलो तर खाली वाकून पेपराच्या आतून माझ्याकडे बघते, मी बघेपर्यंत बोलतच नाही. मी रागावलो, म्हटलं हे काय चाळे. तर म्हणाली, हितूला असंच लागतं, मग सवय झाली.

दिवेलागणीला मात्र गप्प होते. काल विचारत होती, आता हितूचं कोण ऐकतं? मी म्हटलं, सगळे ऐकतात. बरोबर ना? तो हल्ली काय बोलतो ते कळव, तिला वाचून दाखवीन.
गिरधर

*

नशिराबाद,
१ ऑगस्ट १९९०

ती. भाऊस,
आज पेढे वाटावेत असं वाटतंय. हितू पोरांत खेळायला लागला.

पावसाने उघडीप दिली तशी तोतारामभाऊंच्या अंगणात शिवाशिवी सुरू झाली. आधी हा बाजूला असायचा. आता पोरं स्वतः दाराशी येऊन ओरडतात, "हितूला पाठवा." मी ओट्यावरून पाहिलं. हा मधे उभा आणि एकेक पोरगं लांबून पळत येतं आणि ह्याला हात लावतं. सगळा वेळ कोणी ना कोणी ह्याच्यापाशी. हा अंग चोरत नाही, पळून येत नाही. जेवायला हाक मारली तरी येत नाही इतका रमतो. हे दिल्लीहून आले तेव्हा मुद्दाम नेऊन दाखवलं. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले. मुंबईपासून त्यांचं जेवण तुटलं होतं, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

तुझा टेकू लागला रे भाऊ. बोलण्याचं विचारलंस, तर ते होईल सावकाश. उजूला सांग, हितूला खूप मित्र मिळालेत.
सुनंदा

*

धुळे,
१२ ऑगस्ट १९९०

चि. सौ. सुनंदास,
आशीर्वाद. पत्र वाचून घरात पेढे आणले. मी म्हणालो होतो ना? पोरांत सोडलं की पोरगं पोरगं होतं.

उजूला वाचून दाखवलं. तिने पेढा हातात धरून ठेवला आणि विचारलं, "मामा, हितूवर राज्य कधी येतं?" मी म्हटलं येत असेल की. तर म्हणाली, तो कोणाला पकडतो ते आईला विचारा. पोरींच्या डोक्यात काय काय येतं. विचारतो आहे एवढंच, सवडीने कळव.
गिरधर

*

नशिराबाद,
२ सप्टेंबर १९९०

ती. भाऊस,
उजूने विचारलं ते मी आईने विचारायला हवं होतं.

तुझं पत्र आल्यावर मी ओट्यावर बसून अख्खा डाव पाहिला. शिवाशिवीत एक खांब ठरवतात, त्याला हात लावला की सुटका, मग राज्य असलेला पकडू शकत नाही. तोतारामभाऊंच्या अंगणात मधे खांब नाही. म्हणून पोरांनी हितूला उभा केलाय. तो खांब आहे, भाऊ. पोरं पळत येतात, त्याला हात लावतात, "सुटलो" म्हणतात आणि निघून जातात. त्याच्यावर राज्य येत नाही, तो कोणाला पकडत नाही, कोणी त्याच्या तोंडाकडे बघतसुद्धा नाही. आणि जेवायला हाक मारली तरी येत नाही तो रमतो म्हणून नाही. पोरं घरी गेली तरी त्याला कोणी सांगत नाही की डाव संपला. तो उन्हात तसाच उभा असतो. मी हे नवऱ्याला हौसेने दाखवायला नेलं होतं.

पोरांना काय बोलू? त्यांना खांब हवा होता, आपण रोज नेऊन दिला.

आता जे लपवलं ते लिहिते. उजू गेल्यापासून तो एक शब्द बोललेला नाही. "उजू" नाही, "उघ"ही नाही. आधी डबा घेऊन दारात बसायचा, हायवेवर गाडीचा आवाज आला की वाजवायचा. मग वाजवणं थांबलं. मी डब्यात शेव घातली, चणे घातले, त्याच्या कानाशी वाजवला, उजूसारखी उकिडवी बसून थांबले. माझे गुडघे दुखायला आले, पण तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिला. मी त्याची हनुवटी धरून तोंड वळवलं तर डोळे मिटून घेतले. काय करू मी? देवाला घालायचं ते साकडं घालून झालं, नजर काढून झाली. हे म्हणतात नशीब. सासूबाईसुद्धा आता "समजस" म्हणत नाहीत. त्या गप्प झाल्या त्या दिवशी माझा धीर सुटला.

होते ते दोन शब्द होते रे त्याच्याकडे. ते मी माझ्या हाताने गाडीत बसवून दिले.
सुनंदा

*

धुळे,
१३ सप्टेंबर १९९०

सुनंदा,
इथल्या एका मुलांच्या डॉक्टरांना भेटून आलो. नाव न सांगता सगळं सांगितलं, माझी चौकटही सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, एक एक्स तुमच्यातही आहे. तो तुमच्या आईकडून आला. मग तुम्ही काय अर्धे बाई आहात?"

दरवर्षी फळ्यावर मीच लिहितो की मुलाला एक्स आईकडून मिळतो. ते लिहिलेलं मला दिसलं नाही.

ते म्हणाले, पोरींत बसल्याने एक्स वाढत नाही आणि पोरांत सोडल्याने झडत नाही. अशा मुलांना तोंडं वाचायला, बोलणं उचलायला अवघड जातं. एखाद्या माणसापाशी ते जमायला लागलं तर ते माणूस सोन्याचं. पुढे काय होईल विचारलं, तर त्यांनी हात वर केले. म्हणाले, आमच्या पुस्तकातही अशा मुलांवर फार थोडं आहे, जे आहे तेही मोठेपणीचं. गेलेले शब्द परत येतील का विचारलं. म्हणाले, ती बहीण आधी परत पाठवा, मग विचारा.

रविवारी उजूला घेऊन येतो. शाळेचा दाखला मागून पाठवीन. तुझ्या वहिनीने आज तिच्या वेण्या घातल्या नाहीत, स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

गुलाबाई बसून आठवडा झाला असेल. तिच्या टिपऱ्या माळ्यावरून काढून ठेव.
गिरधर

*

नशिराबाद,
६ ऑक्टोबर १९९०

ती. भाऊस,
तू त्या दिवशी ओट्यावर पिशवी ठेवलीस, पाणी प्यायलास आणि परतीच्या गाडीला निघून गेलास. चहासुद्धा घेतला नाहीस. हितूकडे बघायची तुझी हिंमत झाली नाही हे मला कळलं. मी तुला दोष देत नाही. दिला तर त्यातला निम्मा मलाच घ्यावा लागेल.

तू गेल्यावर काय झालं ते ऐक. उजू धावत त्याच्यापाशी गेली, समोर उकिडवी बसली. तो तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिला, माझ्याशी वागतो तसाच. ती म्हणाली, हितू, मी आलेय, डबा वाजव. काही नाही. मला वाटलं ती रडेल. तिने त्याचा हात धरला नाही, तोंड वळवलं नाही, फक्त जवळ बसून राहिली. रात्री मला म्हणाली, आई, तो रुसलाय. मी हो म्हटलं. रुसला असता तर किती बरं झालं असतं.

उशिरा का होईना, गुलाबाई बसवली. पोरी यायला लागल्या, गाणी झाली, टिपऱ्या वाजल्या. तो भिंतीकडे तोंड करून. रोज दिवेलागणीला उजू डबा त्याच्या कानाशी वाजवायची आणि थांबायची. रोज शेवटी पोरी कंटाळून स्वतःच झाकण उघडायच्या. भिकुबाई म्हणाल्या, कशाला त्या लेकराचे हाल करता. मला आता त्यांचं खरं वाटायला लागलं होतं.

कोजागिरीला गुलाबाई उठायची, म्हणजे शेवटचा दिवस. अंगण भरलेलं. चांदणं पडायला लागलं होतं. उजूने डबा वाजवला आणि पोरींना बजावलं, आज हितूने बघितल्याशिवाय मी उघडणार नाही, ज्यांना घरी जायचं त्यांनी जा. कोणी गेलं नाही. मी दारात उभी, मनात म्हणत होते, बघ रे राजा, एकदा बघ.

तो उठला. तिच्याकडे बघितलं नाही. पोरींमधून वाट काढत अंगणाच्या मध्यावर गेला, पाय जुळवले, हात अंगाला चिकटवले आणि ताठ उभा राहिला. पोरी कुजबुजायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, घाबरना पोऱ्या, घरात लई जा त्याले. मी निघाले होते त्याला उचलायला.

उजूने मला हाताने थांबवलं. डबा खाली ठेवला, अंगणाच्या पार त्या टोकाला गेली, तिथून पळत आली आणि त्याला हात लावून म्हणाली, "सुटले."

तेव्हा मला कळलं, भाऊ. तो घाबरला नव्हता. त्याला उजू हवी होती. तिने आपल्याकडे यावं असं त्याला वाटत होतं, आणि माणसांनी आपल्याकडे यावं म्हणून काय करायचं असतं ते त्याला एकच माहीत आहे. खांब व्हायचं. मग माणसं पळत येतात. या वर्षात आपण त्याला तेवढंच शिकवलं.

ती परत लांब गेली, परत पळत आली. मग दुसऱ्या पोरी पळाल्या. पण उजू सांगत होती, नुसता हात लावून जायचं नाही, तोंडासमोर थांबायचं. मी पदर खोचला आणि मीही पळाले. सासू बघतेय, चुलतसासू बघतेय, गल्ली बघतेय. नऊ वर्षांच्या पोरीची आई मी, अंगणात शिवाशिवी खेळले. त्याच्यापाशी पोचले तेव्हा धाप लागली होती. हात लावला आणि वाकून थांबले. त्याने बघितलं नाही. पण माझं एक बोट धरलं आणि सोडेना, त्यामुळे मला परत पळायला जाता आलं नाही. मी तशीच त्याच्याजवळ उभी राहिले, बाकीच्या पळत होत्या.

डबा शेवटी कोणी उघडला ते आठवत नाही. शब्द अजून नाही. कालही नाही, आजही नाही. येतील की नाही कोणी सांगू शकत नाही. पुढे शाळेत काय, गल्लीत काय, ते विचारायचं मी सोडून दिलंय. हे आता दिल्लीला जायच्या आधी अंगणातून एक फेरी पळतात आणि त्याला हात लावून निघतात. लोक हसतात. हसू देत.

दिवाळीला वहिनींना घेऊन ये. आणि एक सांगते ते ऐक, आजवर मी तुझं ऐकलं. गाडीतून उतरलास की पिशवी ओट्यावर टाक आणि पळत ये. पोटाचा नगारा झालाय, धाप लागेल, लागू दे. चालत येणाऱ्या माणसाकडे त्याचं लक्ष जात नाही.
तुझी सुनंदा